आज टेबलावर मॅडम

आयुष्यभर इतरांच्या गाठींत सुया घालणाऱ्या डॉक्टर मॅडम आज स्वतःच स्कॅनच्या टेबलावर होत्या. फुप्फुसातल्या वाटाण्याएवढ्या गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता. सुई त्यांच्याच विद्यार्थिनीच्या हातात होती. सुईचा कोन जुळला की हिरवी रेष दाखवणारा फोनवरचा प्रोग्रॅमही तिनेच लिहिला होता. "मॅडम, दुसऱ्या कुणाला बोलावू का?" तिने विचारलं. "पेशंटशी हुज्जत नको. हिरवी रेष दिसली की टोच." तिने फोन सुईला लावला. मॅडमनी श्वास रोखला. हिरवी रेष उमटताच सुई आत शिरली. स्कॅनमध्ये टोक गाठीच्या बरोबर मध्यावर दिसलं. मॅडमना बाहेर आणताच जीव टांगणीला लागलेला त्यांचा नवरा स्ट्रेचरजवळ धावला. "गाठ कसली आहे?" "ते रिपोर्ट सांगेल." मॅडमचा चेहरा फुलला होता. "आधी ऐका! पोरीने पहिल्याच फटक्यात गाठली. मला दोनदा तरी टोचावं लागलं असतं."