चिलेक्वाचं कुलूप

कितवेच्या तांब्याच्या खाणीत पंप दुरुस्त करायला आत शिरताना कुणी तो चुकून सुरू करू नये म्हणून कामगार पंपाच्या बटणाला स्वतःचं कुलूप लावत. "माझं कुलूप दिसलं की समज, मी पंपाच्या पोटात आहे," चिलेक्वा बायकोला सांगे. पण काम टाकून गुत्त्यावर पळायची त्याची खोड जुनी, आणि त्याची नोकरी टिकावी म्हणून ती दरवेळी तो घरी आजारी असल्याचं खोटं सांगे. परवाच त्याने चर्चमध्ये दारू सोडल्याची शपथ घेतली; तिला काही ते खरं वाटलं नव्हतं.

त्या दुपारी मुकादमाचा फोन आला. "कासुबाच्या आई, चिलेक्वा घरी आलाय का?"

"आलाय की! तापाने फणफणलाय, झोपलाय."

"ताप? बाटलीतला ना?" मुकादम हसला.

 

"बरं," मुकादम पुढे म्हणाला, "मग त्याचं कुलूप तोडतो. पाणी चढतंय, पंप सुरू करायलाच हवा."