पिंगळीच्या माळावरची लाल मोटार

आबासाहेबांची लाल मोटार पिंगळीच्या माळाला वळसा घालून आली आणि पोरंसोरं, म्हातारेकोतारे सगळे तिच्याभोवती गोळा झाले. दिनकररावांची काळी मोटार तिच्या आधी पोचली होती. तिच्याजवळ त्यांचा ड्रायव्हर भुजंग तेवढा उभा होता, आणि तोही मान वळवून लाल मोटारीकडंच बघत होता.

दिनकररावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

वर्षातून एकदा, रब्बीची खळी उरकली की आसपासचे चार मोटारवाले स्टेशनामागच्या या कडक माळावर जमत. परभणीहून पेट्रोलचे डबे यायचे, दशम्यांच्या शिदोऱ्या सुटायच्या, दिवसभर मोटारी पळवायच्या आणि ऊन कललं की शेवटची शर्यत. सहा वर्षं ती बोरीचे दिनकररावच जिंकत आले होते. अन् यंदा पूर्णेच्या आबासाहेबांनी थेट मुंबईहून, करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरून, ही दोनच माणसांची, उघड्या टपाची लाल बया आणली होती.

बरं, आबासाहेब परके असते तर एक वेळ चाललं असतं. त्यांची लेक दिनकररावांच्या पोराला, पंडितला दिली होती. साखरपुडा झाला होता, लग्न महिन्यावर आलं होतं. म्हणजे हा मुलीचा बाप! त्यानं खाली मान घालून यावं, की असं भोंगा वाजवत यावं? घरात कमलबाईंनी तर व्याह्यांच्या मोटारीचं इतकं कौतुक लावलं होतं, की दिनकररावांनी दोन दिवस बायकोशी बोलणंच टाकलं. आणि पंडित! सकाळपासून होणाऱ्या सासऱ्याच्या शेजारी ठाण मांडून बसला होता. आबासाहेब त्याला गियर टाकायला शिकवत होते. बापाच्या मोटारीला पठ्ठ्यानं हातसुद्धा लावला नव्हता.

"पोराला उतरू द्या की जरा," दिनकरराव म्हणाले.

"राहू द्या हो. हात बसायलाय त्याचा," आबासाहेब हसून म्हणाले.

दिनकररावही हसले. हसून घे बाबा आजचा दिवस, असं मनात म्हणाले. कारण बंदोबस्त त्यांनी आधीच केला होता.

त्या भागाच्या जहागीरदारसाहेबांची एक रीत होती. त्यांनी एखाद्या वस्तूला 'बहोत खूब' म्हटलं, की मालकानं हात जोडून 'हुजूर, आपलीच आहे' म्हणायचं. हे नुसतं बोलण्यापुरतं नसतं, हे आप्पारावांना ग्रामोफोन गेल्यावर कळलं आणि सटवाजीला घोडी गेल्यावर. साहेब यायचे म्हटलं की लोक चांगले बैल लांबच्या मळ्यात नेऊन बांधत. मोटारींच्या या दिवसाचा तर त्यांना कुणी वाससुद्धा लागू दिला नव्हता. यंदा मात्र दिनकररावांनी गुपचूप मिठाईचं ताट पाठवून साहेबांना बोलावणं धाडलं होतं. आपल्या काळ्या मोटारीची त्यांना काळजी नव्हती. तिचा रंग उडाला होता, एक दिवा फुटला होता. त्याचं आज पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

दुपार कलली तशी साहेबांची बग्गी माळावर आली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आप्पारावांनी आपली मोटार घाईघाईनं बाभळीआड नेली. आबासाहेबांनी हळूच विचारलं, यांना कुणी कळवलं? दिनकररावांनी खांदे उडवले. शर्यत आता रद्द करावी, असंही आबासाहेब पुटपुटले, पण साहेब खुर्ची टाकून बसले होते. आता मोटारी न पळवून कसं चालणार?

तीन फेऱ्यांची शर्यत. काळी मोटार दिनकरराव स्वतः चालवत होते, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत तीच पुढं होती. भुजंगनं आठ दिवस खपून इंजिन असं लावलं होतं, की म्हातारी नव्यासारखी पळत होती. शेवटच्या वळणावर दिनकररावांनी मागं बघितलं. लाल मोटार चांगली वीस हात मागं होती. सातवं वर्षही त्यांचंच होतं. पण जिंकून काळी पुढं आली, तर साहेबांची नजर काळीवरच राहणार. लालकडं ते कशाला बघतील?

दिनकररावांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

लाल मोटार बाजूनं सुसाट निघून गेली. आबासाहेबांच्या शेजारी बसलेल्या पंडितनं बापाकडं बघून टोपी हवेत उडवली. आपल्या पायानं आपली जीत सोडताना दिनकररावांना अगदी रडू फुटायचं राहिलं होतं. उद्या या माणसाला बैलगाडीतून हिंडताना बघायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

साहेब खुर्चीतून उठले. लाल मोटारीभोवती त्यांनी दोन चकरा मारल्या, बॉनेटवरून हात फिरवला, सीटवर बसून बघितलं.

"वा!" ते म्हणाले. "बहोत खूब!"

आबासाहेब खालमानेनं उभे राहिले. दिनकररावांना दम निघाला नाही. ते पुढं झाले आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "बोला की आबासाहेब. रीत हाय. साहेबांना ताटकळत ठिवताव का?"

आबासाहेबांनी हात जोडले.

"हुजूर, माझी असती तर आत्ता आपल्या दारात नेऊन लावली असती. पण मोटार माझी न्हाई. जावयासाठी घेतलीय. साखरपुड्यादिवशीच कागद पंडितच्या नावानं केले. लग्नाच्या मांडवात द्यायची, तवर दिनकररावांना कळू द्यायचं न्हाई, असं विहीणबाईंचं अन् माझं ठरलं होतं. मी निस्ती धावती ठेवली."

साहेब मिशीवरून हात फिरवत दिनकररावांकडं वळले.

"अच्छा, म्हणजे गाडी तुमच्या घरची! मग बोला, दिनकरराव."