गोन्रोकूचं आडनाव

“सात दारं,” गोन्रोकू म्हणाला. “गुरुजी, आडनावात सात दारं बसवता येतील का?”

देवळाच्या पडवीत हशा पिकला. जपानच्या मेइजी राजवटीचा नवा हुकूम आला होता. यापुढे प्रत्येक घराला आडनाव हवं. आजवर ते तलवारवाल्यांनाच असायचं. त्यामुळे सकाळपासून अख्खं गाव गेन्साई गुरुजींपुढे येऊन बसलं होतं. गुरुजी नाव सुचवत, कागदावर लिहून देत, आणि कचेरीतला कारकून ते वहीत चढवी. दुपारी तो पुढच्या गावाला निघणार होता.

“हसायला काय झालं?” गुरुजी म्हणाले. “मघाशी तोकुबेईनं एका जुन्या सरदाराचं नाव मागितलं, तेव्हा कुणी हसलं नाही.”

“मी हसले की,” इनेआजी म्हणाली. “म्हटलं, आता बैलालाही चिलखत चढव.”

गोन्रोकू डोंगरात कोळशाची भट्टी लावायचा. बोलायची सवय कमी. तो थांबत थांबत म्हणाला, “मी तीन दिवसांचा होतो तेव्हा आई गेली. वडील मला घेऊन गावात फिरायचे. ज्या घरात अंगावर पाजणारी बाई असेल, त्या घरी. अशी सात घरं. मला बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी आधी ती घरं बोटांवर मोजायला शिकवली. पुढच्या महिन्यात मला मूल होईल. त्याच्या नावात ती दारं राहावीत, एवढंच.”

आता कुणी हसलं नाही. गुरुजींनी दोन अक्षरं काढली. वर सात, खाली दार. “नानातो,” त्यांनी वाचून दाखवलं.

“सात नव्हेत रे,” इनेआजी म्हणाली. “आठ.”

त्या सात जणींपैकी ती एकटीच उरली होती. सगळे तिच्याकडे बघू लागले.

“तुला देवी आल्या होत्या. आमच्याही पदरात तान्ही लेकरं. आम्ही सातही जणींनी दारं लावून घेतली. वीस दिवस. त्या दिवसांत तुझा बाप तुला घेऊन ओढ्यापलीकडे जायचा. त्सुयाकडे. तिनं पाजलं म्हणून तू जगलास, आणि तू जगलास म्हणून आम्हाला पुढे तुझ्या डोळ्यांत बघता आलं.”

ओढ्यापलीकडे कातडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. गावातलं कुणी तिथे पाणीही पीत नसे. आता सगळे सारखे, असं सरकारनं चार वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं. तरी त्सुया या वेळीही फाटकाबाहेरच उभी होती. गावाचं आटोपलं की ती आपलं आडनाव लिहून घेणार होती.

ती घाईघाईनं म्हणाली, “आजींचं वय झालं, काहीतरीच बोलतायत. मी नाही कुणाला पाजलं.”

“म्हातारी झालेय गं, खुळी नाही झाले.”

तोकुबेई गोन्रोकूच्या कानाशी वाकला. “सातच राहू दे, गड्या. उद्या मुलगी झाली तर तिला सून करून कोण नेईल? आणि ती बाई स्वतःच नाही म्हणतेय ना!”

“नानातो,” कारकून म्हणाला. “चढवू?”

गोन्रोकूनं फाटकाकडे पाहिलं. त्सुयाची मान खाली होती. तिनं ती हलकेच हलवली. नको. त्याचा हात आपसूक गालावरच्या वणांकडे गेला.

“थांबा. गुरुजी, आठ लिहा.”

“एकदा वहीत गेलं की पुसता यायचं नाही, गोन्रोकू.”

“म्हणून तर.”

गुरुजींनी नवा कागद पुढे ओढला. या वेळी त्यांनी जास्त वेळ घेतला. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, “यातो.” कारकुनानं ते वहीत चढवलं.

गोन्रोकू तो ओला कागद दोन्ही हातांवर धरून फाटकापर्यंत गेला आणि त्सुयापुढे कमरेत वाकला. बराच वेळ तो वर झालाच नाही.

“अरे, शाई ओघळेल,” ती म्हणाली. मग तिनं कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. “यातलं आठ कुठलं?”

त्यानं वरचं अक्षर दाखवलं. दोनच रेघा होत्या. वर एकमेकींजवळ, खाली येताना दूर दूर गेलेल्या.

“हे होय,” त्सुया म्हणाली. ती बघतच राहिली. “मधे जागा बरीच सोडलीय की गुरुजींनी.”