अकरा पट्टे

शर्यत रविवारी संपली आणि सोमवारी सकाळी लोखंडी कठडे, टायरांच्या भिंती, प्रेक्षकांच्या पायऱ्या, सगळं ट्रकमध्ये चढलं. आठवडाभर गाड्यांनी कान किटवले होते. आता कुठे रस्ता पुन्हा रस्त्यासारखा दिसू लागला.

शर्यतीच्या गाड्या घसरू नयेत म्हणून दरवर्षी पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे खरवडून काढत, आणि शर्यत झाली की पेंटर ते पुन्हा रंगवी. या वळणावर त्याचं स्वतःचंच घर होतं. दारात आई काठी घेऊन ताटकळत उभी होती. तिच्या डोळ्यांना आता पांढरं तेवढं कळायचं. समोर मावशीचं घर. आई रोज पट्टे मोजत एकटीच तिकडे जायची. अकरा झाले की फूटपाथ चढायला पाय आपसूक उचलला जायचा. गेले आठ दिवस दोघी बहिणी कठड्यांच्या अल्याड-पल्याड अडकल्या होत्या.

पेंटरने मापाची टेप लावली, मग पुन्हा एकदा लावून पाहिली. वळण रुंद करायला शर्यतवाल्यांनी पलीकडचा फूटपाथ दोन हात मागे सरकवला होता. मापाने बारा पट्टे बसत होते.

"मग बारा मार," मापाचा कागद बघत मुकादम म्हणाला.

"आई पडेल, साहेब."

"तिला सांग की, बारा मोज म्हणून."

"ती ऐकेल हो. तिचा पाय नाही ऐकायचा."

मुकादमाने दाराकडे पाहिलं. मापाचा कागद घडी घालून खिशात टाकला. "मी चहा पिऊन येतो. मला वेळ लागेल जरा."

पेंटरने प्रत्येक पट्ट्यामागे चार-चार बोटं अंतर वाढवलं आणि अकराच बसवले.

दुपारी रंग वाळला. आई निघाली. तो रहदारी अडवून उभा राहिला. हात पुढे केलेला तिला खपायचा नाही, आणि उद्यापासून तो कामावर असताना हात द्यायला होतं कोण?

"नऊ... दहा... अकरा." पाय उचलला गेला आणि बरोबर फूटपाथवर पडला. पेंटरने अडवलेली रहदारी सोडली.

"काय रे," आई तिथूनच ओरडली, "पट्टे लांब-लांब झाले का यंदा?"

"पट्टे तेच आहेत. तुझी पावलं लहान झालीत!"

मावशीने हसत तिचा हात धरला. उंबऱ्यात चप्पल काढताना आई हळूच म्हणाली, "बारा बसत होते गं. दारातून सगळं ऐकलं मी."