जोखमीचे गुण

जोखमीच्या रकान्यात शून्य बघून काका आधी खूशच झाले. नऊ वर्षं गोदाम सांभाळलं आणि कुठे गालबोट लागू दिलं नाही, त्याची ही पावतीच, असं त्यांना वाटलं. एजन्सीत पगार ठरवणाऱ्या मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून ठेवला होता. काका हसून म्हणालेसुद्धा, आमचं काम असं चोख असतं.

मॅडम हसल्या नाहीत.

काका त्या गोदामाचे सिक्युरिटी सुपरवायझर. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि आपल्या जागी कोणाला बसवायचं हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तो गेटवरचा गार्ड बाहेर बाकावर बसला होता, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, मुलगी बघायला आल्यासारखा. आज फक्त त्याच्या नव्या पगाराचा आकडा कागदावर पडायचा होता. दीडपट तरी कुठे गेला नाही, असं काकांनी त्याला येताना छातीठोकपणे सांगितलं होतं.

मॅडमनी समजावून सांगितलं. पगार आता गुणांवर ठरतो. अनुभवाचे गुण, प्रशिक्षणाचे गुण, हाताखाली माणसं किती त्याचे, आणि जागेला धोका किती त्याचे. पहिल्या तिन्हींत गार्डला चांगले गुण पडले होते. चौथे गुण घटनांच्या नोंदवहीवरून देतात, आणि काकांच्या नोंदवहीत नऊ वर्षं रोज एकच शेरा होता: विशेष काही नाही.

"काका, जिथे काही घडतच नाही तिथे सुपरवायझर कशाला, असं वरून विचारलंय," मॅडम म्हणाल्या. "पदच काढून टाकलंय. किल्ल्या तोच सांभाळेल, पण गार्डच्याच पगारात."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. काकांनी नऊ वर्षं मूठ घट्ट झाकून ठेवली होती, आणि आज एजन्सीने तिची किंमत शून्य लावली होती.

घडत कसं नव्हतं? काका भडाभडा बोलायला लागले. तांब्याच्या तारेसाठी मागच्या भिंतीवरून दोनदा चोर उतरले होते. मालाच्या धक्क्याला लागून उभ्या ट्रकने पेट घेतला, तो काकांनीच वाळू टाकून विझवला. आणि चार वर्षांपूर्वी माल पळवणाऱ्या एका ड्रायव्हरने सुरा काढला, तेव्हा बाहेर बसलेल्या याच गार्डने ते पातं नुसत्या हाताने धरलं होतं. तळव्याला अकरा टाके पडले. गोदामातलं एक खोकं हललं नाही.

मग लिहिलं का नाही, असं मॅडमनी विचारलं. उत्तर द्यायची काकांना लाज वाटली. ज्याची नोंदवही कोरी तो खरा सुपरवायझर, असं त्यांना त्यांच्या आधीच्या सुपरवायझरने शिकवलं होतं. लिहिलं की चौकशी लागते, चौकशी लागली की मालक एजन्सी बदलतो, आणि सगळ्यांच्याच पोटावर पाय येतो. काका ते ब्रह्मवाक्य धरून बसले. शेजारच्या कारखान्याचा सुपरवायझर कुत्रं भुंकलं तरी अर्धं पान लिहायचा. काका त्याला कादंबरीकार म्हणून चिडवायचे. त्या कादंबरीकाराला जोखमीचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

"बाकीचं राहू दे, सुऱ्याचं तेवढं लिहून देतो," काका म्हणाले. "मी तिथे हजर होतो. सही कुठे करू ते सांगा."

मॅडमनी गार्डची फाईल उघडली आणि एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. चार वर्षांपूर्वीचा रजेचा अर्ज होता तो. कारण: घरी काचेवर पडून हाताला दुखापत. खाली काकांची सही होती, ठसठशीत.

"यातलं कुठलं खरं मानू, काका?"

त्यांचा आवाज कठोर नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. काकांनी तो कागद परत सरळ करून ठेवला आणि उठले.

दारापाशी येईपर्यंत त्यांच्या मनात आलं, वरच्यांनी घोळ घातला असं सांगून मोकळं व्हावं. गार्डने विश्वासही ठेवला असता. पण या पोरासाठी लिहिलेलं एक खोटं पुरे झालं होतं. काका बाकावर त्याच्या शेजारी बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. तुझी जागा मीच घालवली, असं ते म्हणाले.

गार्ड तळव्यावरच्या टाक्यांच्या खुणेवरून अंगठा फिरवत ऐकत होता. तो चिडेल अशी काकांनी मनाची तयारी केली होती. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"बायको तेव्हा पोरांना घेऊन माहेरी होती, परत आल्यावर तिलाही मी तेच सांगितलं, काका," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही म्हणालात ना, सगळीकडे एकच सांग म्हणून. चार वर्षं बायको पोरांना ऐकवते, तुमच्या बापाला घरात धड चालता येत नाही आणि निघालाय गोदाम राखायला."

काकांना मान वर करता येईना. हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

"आज सुपरवायझर झालो की तिला खरं सांगणार होतो," गार्ड म्हणाला. "आता सांगितलं तर तिला वाटेल, पगार वाढला नाही म्हणून गोष्ट रचतोय."