मधला फ्यूज

"गेला! आज बी गेला!"

गाडीच्या पोटातून गंगारामतात्यांची आरोळी आली, तशी रंगुबाईंची भाकरी तव्यावरच राहिली. पदराला पीठ पुसत त्या अंगणात धावल्या.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. वायरमनच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर तात्यांनी ती घेतली, बाकं उपटली, दोन माणसांचं अंथरूण बसवलं. टपावर सोलरचं पॅनल टाकलं, सीटखाली जाडजूड बॅटरी ठेवली. त्या बॅटरीवर एक पंखा आणि एक छोटा फ्रीज. फ्रीजवाचून भागणार नव्हतं. रंगुबाईंचं इन्सुलिन गार राहिलं, तरच निरवांगीहून बुद्धगयेची वाट धरता येणार होती. आणि गयेची ओढ तर त्यांचीच. सासरी आल्यापासून दळताना, खुरपताना त्यांच्या ओठांवर हीच ओवी:

जाईन गयेला गं, पिंपळाच्या सावलीला,
सांगीन सुखदुख, बुद्धा माझ्या माउलीला.

परवा निघायचं होतं. आणि फ्रीज रोज सकाळी कोमट.

तात्यांची हयात खांबावर गेलेली. ते असे हटणारे नव्हते. आधी पॅनल धुतलं. साखर कारखान्याची काळी राख काचेवर चिकटली होती. मग वायरी बदलल्या. शेवटी दोष सापडला. टपावर ऊन धो धो, पॅनलला करंट, आणि खाली बॅटरी उपाशी. दोघांच्या मधल्या डबीत फ्यूजच नव्हता. तात्यांनी नवा घातला. दुसऱ्या दिवशी तोही नाही. काल आणखी एक घातला. आज डबी पुन्हा रिकामी.

"फ्यूज जळतो, उडतो. त्याला पाय फुटत न्हाईत," तात्या म्हणाले. त्यांची नजर अंगणात गेली. सुमित, त्यांचा एकुलता एक लेक, इंदापूरला बँकेत निघायच्या घाईत मोटारसायकल पुसत होता. 'या वयात दोघंच कशाला जाताय? मी नेतो की रेल्वेनं,' हे पालुपद त्याचंच.

"सुमित, फ्यूज कुठं हाय?"

"तात्या, काल बी सांगितलं. मी हात लावला न्हाय."

"मग काय मांजरानं नेला? रोज मोठ्यांदा पंचशील म्हणतोस, आन् बापाम्होरं खोटं?"

"आईचं सुख मी कशाला चोरू?" सुमितचा आवाज चिरकला.

"चोरलंच हाईस."

रंगुबाई दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. घरात भांड्याला भांडं लागलं होतं कितीदा, पण असा शब्द कधी पडला नव्हता. लेक खोटं बोलत नाही, हे त्यांना आतून माहीत होतं. मग घेतं कोण?

तात्या पुन्हा कामाला लागले. टपावर चढून पॅनलवर गोधडी टाकली, म्हणजे हाताशी करंट नको. खाली येऊन डबीत नवा फ्यूज बसवला.

"रंगू, आत ये. साक्षीला ऱ्हा."

खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी गोधडीचं टोक ओढलं. हिरवी लाईट लागली. मीटरवरचा आकडा हळूहळू वर सरकला. फ्रीज घुरघुरायला लागला. रंगुबाईंनी त्याच्या दारावर तळवा ठेवला, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. ओवी ओठांशी आली.

"झालं काम," तात्या म्हणाले.

डबीचं झाकण लावायच्या आधी त्यांचा उजवा हात आत गेला. अंगठा आणि एक बोट. फ्यूज अलगद निघाला आणि खाकी सदऱ्याच्या खिशात पडला. आधीच्या फ्यूजांवर टक् असा वाजला. हिरवी लाईट विझली. तात्यांनी झाकण लावलं.

रंगुबाईंचा तळवा फ्रीजवरच राहिला.

ती सवय त्यांना ठाऊक होती. खांबावर चढायचं, तर आधी डीपीच्या पेटीतला फ्यूज काढून आपल्याच खिशात घालायचा. खालून कुणी चुकून लाईट सोडायला नको. त्या सवयीनंच तर हा माणूस रोज जिवंत घरी आला. पण तेव्हा काम आटोपलं की फ्यूज जागेवर जायचा, आणि काढल्याचं ध्यानात असायचं. गेल्या बाजारी निमगाव केतकीहून येताना गाडी भलत्याच वाटेला लागली होती. 'तुला नवा रस्ता दावतो,' म्हणाले होते. त्या हसल्या होत्या. आता हसू येईना.

"बघतोच आता, कोण काढतं ते," तात्या हात झटकत म्हणाले. चेहरा नितळ, धुतल्यासारखा. खाली उतरून ते लेकासमोर जाऊन उभे राहिले. "आन् तू, सुमित, आजच इंदापुरात खोली बघ. आमी गयेवरनं आलो, तरी या घरात दिसू नको."

 सुमितनं हेल्मेट उचललं.

"थांब रे," रंगुबाई गाडीच्या पायरीवरून म्हणाल्या. मग त्या तात्यांकडे वळल्या. त्या खिशाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"अवो, लेकाला नका बोलू. फ्यूज मीच काढती रोज. मला न्हाय जायचं गयेला."