मूठभर मनुका

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच सण. कोंबडीत भरायचं सारण यंदा मी करणार, असं फोनवर बजावलं होतं, तरी मी पोचले तेव्हा बाबा ओट्याशी उभे. कांदा परतून झालेला, पाव कुस्करून झालेला. आपल्या सुतारी पंजात मावतील तेवढ्या मनुका त्यांनी पातेल्यात टाकल्या, मग तेवढेच जर्दाळू.

"बाबा, एवढ्या?"

"मूठभर मनुका, मूठभर जर्दाळू. तुझ्या आईचंच माप आहे."

"अहो, आईची मूठ केवढीशी होती!"

मी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. सारण तिखटमिठाचं, पण जिभेला आधी गोडच लागलं. आणि चव ओळखीची होती. गेली तीन वर्षं ते असंच गोडमिट्ट व्हायचं. आई आमच्या पानात वाढायची आणि आम्ही भावंडं खाली मान घालून "झकास झालंय" म्हणायचो. आईच्या हाताची चव गेली, असं तिच्यामागे कुजबुजायचोही.

"बाबा, तीन वर्षं तुम्ही करत होतात?"

त्यांनी फडक्याला हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

"तिची बोटंच मिटेनात गं. मुठीतून सगळ्या मनुका खाली पडायच्या. 'पोरांना कळू देऊ नका,' म्हणायची, 'त्यांना माझ्याच हातचं लागतं.'"